भाव कळला, आवक किती?

(धाराशिव येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या मोबाइलवर एक आकडा फिरत होता. सोयाबीन दहा हजार. लातूरच्या बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव निघाला होता, म्हणजे आकडा खराच होता. धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक. टपरीवर, बँकेच्या रांगेत, एसटीच्या थांब्यावर दुसरा विषयच नव्हता. पण त्या वेळी नवे सोयाबीन शेतात हिरवे उभे होते आणि जुना माल बहुतेकांनी कधीच विकून टाकला होता. बाजारात येत होती ती मोजकी पोती, आणि दहा हजारांचा भाव त्या मोजक्या पोत्यांचा होता. ऑक्टोबरमध्ये काढणी झाली, बाजार भरला, आणि भाव पाच हजारांच्या आसपास येऊन थांबला.

गोष्ट मात्र खाली आली नाही. त्या हंगामात ज्यांनी माल घरात ठेवला त्यांना २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर सात हजारांच्या वर भाव मिळाला, आणि दहा हजारांच्या गोष्टीला जणू पुरावाच मिळाला. मग पुढच्या वर्षी आणखी घरांत पोती रचली गेली. या वेळी भाव वर जाण्याऐवजी हळूहळू उतरत गेला. २०२४ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि काढणीच्या दिवसांत खुल्या बाजारातला भाव त्याच्याही खाली होता. माल धरून बसलेल्या शेतकऱ्याने दोन-तीन हंगाम व्याज भरले, घट सोसली आणि ‘पुन्हा दहा होईल’ या आशेवर दिवस काढले.

ही कोणाची फसवणूक नव्हती. आकडा खरा होता, सांगणारा खरे बोलत होता, ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला यातही काही चूक नाही. उणीव एवढीच की भावाबरोबर आवक सांगितली गेली नाही. २०२१ च्या त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले, हेही त्या गोष्टीत कुठे नव्हते.

धंद्यात आकडेवारी गोष्टीतून सांगावी, असा सल्ला आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत, व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि प्रशिक्षणाच्या शिबिरांत सर्रास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. माणूस तक्ता विसरतो, गोष्ट विसरत नाही. पण सोयाबीनचा अनुभव त्याच सल्ल्याची दुसरी बाजू दाखवतो. गोष्ट टिकते म्हणूनच ती अर्धी सांगणे महागात पडते. प्रत्येक आकड्याला एक जोडीचा आकडा असतो. भावाला आवक, नफ्याला गुंतवणूक, पावसाला क्षेत्र, विक्रीला उधारी. गोष्ट सांगणाऱ्याचे खरे कसब तो जोडीचा आकडा शोधण्यात आणि ऐकणाऱ्याच्या मापात मांडण्यात आहे. या व्याख्यानाचा सगळा भर त्यावर आहे, आणि त्यासाठीचे दाखले या जिल्ह्यात आणि त्याच्या शिवेवर पुष्कळ सापडतात.

सगळ्यात जुना दाखला तेरचा. तेरणेच्या काठावरचे हे गाव आज संत गोरोबा काकांचे म्हणून ओळखले जाते, पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते ‘तगर’ या नावाने रोमपर्यंत माहीत होते. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतले पुस्तक कोणा पंडिताने लिहिलेले नाही. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत व्यापार करणाऱ्या, स्वतः जहाजावर फिरलेल्या माणसाची ती माहितीवही आहे. त्यात लिहिले आहे की बॅरिगाझाहून, म्हणजे आजच्या भडोचहून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागते आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर आहे. माल गाड्यांतून येतो, वाटा धड नाहीत. पैठणहून अकीक येतो, तगरहून साधे कापड भरपूर, शिवाय नाना तऱ्हेची मलमल.

हा मजकूर धंद्यातली माणसे कशी बोलतात याचा नमुना आहे. अंतर मैलांत दिलेले नाही, दिवसांत दिले आहे, कारण व्यापाऱ्याचा खर्च दिवसांवर पडतो: बैलांची वैरण, गाडीवानांची मजुरी, जहाजाची किनाऱ्यावरची खोटी. आणि वाटा धड नाहीत हे वाक्य त्याने गाळले नाही. तगरची मलमल उत्तम आहे एवढेच लिहून तो थांबला असता तर वाचणाऱ्याने माल मागवला असता आणि वाटेतल्या खर्चात नफा घालवला असता. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापारी काळातल्या वस्तू पाहताना ही वहीही आठवावी. मालाची कीर्ती आणि वाटेची अडचण एकाच परिच्छेदात सांगणारा तो लेखक आजच्या कुठल्याही विक्री-अहवालाला धडा घालून देईल.

यानंतरचा दाखला मोठा आहे, आणि त्यावर थांबणे भाग आहे.

१८७६ साली पाऊस गेला. धाराशिवचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचे सोलापूर इंग्रजांच्या. पण दुष्काळाला शीव माहीत नव्हती. इंग्रजी मुलखात दुष्काळी कामे निघाली. खर्च आवरण्यासाठी, सरकारने दुष्काळाच्या कामावर नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. कागदावर हा आकडा नीटनेटका होता. माणशी एक पौंड, इतकी माणसे, इतका खर्च, इतकी बचत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसे दुष्काळी तालुक्यांत पाठवली, त्यांच्याकडून पिकांची, गुरांची, धान्याच्या भावाची, गाव सोडून जाणाऱ्यांची माहिती गोळा केली आणि तिची सविस्तर निवेदने सरकारकडे धाडली. सभेच्या कामामागे न्यायमूर्ती रानडे आणि ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी होते. त्या निवेदनांत जिल्ह्यांचे तक्ते होते आणि गावेही होती.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. हे धान्य घेऊन माणसाने दिवसभर खडी फोडायची. त्या वेळच्या वादात पुढे आलेला एक मुद्दा असा की तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त धान्य मिळते. हा झाला जोडीचा आकडा. एक पौंड थोडे की पुरेसे, यावर आरोग्याधिकारी कितीही वाद घालू शकले असते. पण कैद्याचे धान्य शेजारी ठेवले की वादाला जागाच उरली नाही. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी ही कामे सोडून दिली. त्यांनी कुठलाही तक्ता वाचलेला नव्हता. तो आकडा त्यांच्या पोटात होता.

रानड्यांच्या या शाळेत गोपाळ कृष्ण गोखले तयार झाले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेला, अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेला हा माणूस २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभा राहिला. व्हाइसरॉय कर्झन समोर होते. सरकारी तिजोरीत मोठी शिल्लक दिसत होती आणि सभागृहात तिचे कौतुक चालले होते. सरकारची गोष्ट सोपी होती: शिल्लक आहे, म्हणजे देश सुस्थितीत आहे.

गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही. त्यांनी विचारले, ती आली कुठून? १८९३ मध्ये टांकसाळी रुपयाच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद झाल्या. त्यानंतरही रुपयाचा विनिमयदर घसरून तेरा पेन्सांच्या आसपास गेला होता, तो पुढे सोळा पेन्सांवर आणला गेला. रुपया स्वस्त असताना विलायतेचा खर्च भागवण्यासाठी करांचे ओझे वाढवलेले होते. रुपया चढला, विलायतेचा खर्च रुपयांत कमी झाला, पण कर होते तिथेच राहिले. ती शिल्लक म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा. आणि तो कोणत्या काळात घेतला? १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, मुंबई इलाख्यात प्लेग. मिठाचा कर १८८८ पासून मणाला अडीच रुपये. अंदाजपत्रकातली शिल्लक आणि गरिबाच्या घरातले मीठ, हे दोन आकडे त्या दिवशी एका ओळीत आले.

पुढे काय झाले ते नोंदलेले आहे. मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर, १९०७ मध्ये एक रुपयावर. हे एका भाषणामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर गोखले काय बोलणार, याची सरकारला दखल घ्यावी लागू लागली, एवढे निश्चित.

या भाषणामागे आणखी एक माणूस होता आणि तो धाराशिवच्या शेजारचा. गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरला मुख्याध्यापक राहिलेले. सार्वजनिक काकांशी त्यांचे आद्याक्षर सारखे असल्याने लोक दोघांची गल्लत करतात. सरकारी अहवालांतले आकडे खणून काढण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या काळात क्वचितच असेल. गोखल्यांनी मोठ्या भाषणांआधी त्यांच्याकडून आकडे आणि मांडणी मागवली, पत्रांतून शंका विचारल्या. शाळा सांभाळून, रात्री दिव्याखाली सरकारच्याच पुस्तकांतून सरकारला उत्तर शोधणाऱ्या या माणसाचे नाव आज सोलापुरातही फार जणांना माहीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आजच्या कंपनीत एक माणूस आकडे काढतो आणि दुसरा ते संचालकांपुढे सांगतो. जोशी आणि गोखले हे या कामाचे आपल्याकडचे मोठे उदाहरण. त्यात सांगणाऱ्याने आकडे काढणाऱ्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, हे विसरू नये. बहुतेक कार्यालयांत नेमके तेच होत नाही.

त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हेच केले होते. क्रिमियाच्या युद्धात शिपाई जखमांनी थोडे आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आकृतीने दाखवले. सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. जखमांच्या मृत्यूंशेजारी रोगांचे मृत्यू ठेवणे, एवढीच त्या आकृतीची युक्ती. पण तिने लष्करी रुग्णालयांकडे पाहण्याची नजर बदलली.

आता जिल्ह्यात परत येऊ.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर यांच्या आसपासची गावे भूकंपात कोसळली. जवळपास दहा हजार माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही त्या घरांची रचनाच माणसांच्या अंगावर आली. पुनर्वसनात पूर्ण नवी गावे वसवली गेली, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरे उभी होती आणि ती मजबूत करून घ्यायची होती. इंजिनिअरांकडे सगळी माहिती होती: माळवदाचे वजन किती कमी करायचे, कोपरे कसे बांधायचे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड कुठे बसवायचे. ही माहिती लोकांपर्यंत जात नव्हती. अनुदानाचा हप्ता आला की लोक जुनी खोली सोडून नवी खोली बांधायला बघत.

तेव्हा गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून बायकांना नेमण्यात आले. हे काम लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतल्या हजाराहून अधिक गावांत चालले, आणि त्यातूनच प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. इंजिनिअरच्या नकाशातली माहिती या बायकांनी घरातल्या प्रश्नावर आणली. रात्री लेकरे कुठल्या भिंतीला डोके करून झोपतात? त्या भिंतीवर किती माती आहे? या प्रश्नाला सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब जोडला की बाई नवऱ्याशी, सासऱ्याशी बोलू शकत होती. निर्णय घरात व्हायचा होता, म्हणून गोष्ट घरापासून सुरू झाली. याच संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत बायकांना घरच्या जमिनीतला एक एकर मागून घ्यायला आणि त्यात खायची पिके घ्यायला शिकवले. एका बाईच्या एकरात वर्षभर काय निघाले ते दुसरीने पाहायचे, विचारायचे, मग आपल्या घरी मागणी करायची. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. यशोगाथा आणि आकड्याची गोष्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एका बाईचे सोने झाले, ही यशोगाथा. तिने किती खर्च केला, कोणत्या वर्षी तोटा आला, तिच्याबरोबर सुरू केलेल्या बाकीच्या बायकांचे काय झाले, हे सांगितले की ती आकड्याची गोष्ट होते. बचत गटांच्या मेळाव्यांत, बँकांच्या जाहिरातींत, शासनाच्या पुस्तिकांत पहिली फार सापडते. दुसरीची गरज जास्त आहे, कारण कर्ज काढणारी बाई पहिली ऐकून उडी घेते आणि दुसरी ऐकून हिशेब करते.

पाण्याचेही तसेच. पाऊस मिलिमीटरमध्ये जाहीर होतो. ‘काल २५ मिलिमीटर पडला’ हे वाक्य शेतकरी ऐकतो, पण त्यातून पाणी किती ते डोळ्यांपुढे येत नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. एकराला धरले तर चार हजारांच्या आसपास. म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका पावसात एका एकरावर एक लाख लिटर पाणी पडते, दहा हजार लिटरचे दहा टँकर. २०१३ आणि २०१६ चे उन्हाळे टँकरमागे धावत काढलेल्या जिल्ह्यात हे वाक्य लगेच कळते. आणि मग आपोआप पुढचा प्रश्न येतो: त्या दहा टँकरांपैकी शेतात किती थांबले? इथपर्यंत आलेला माणूस बांधबंदिस्तीवर बोलायला तयार असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने याच्याही पुढची पायरी गाठली. पोपटराव पवारांच्या या गावात पावसाची मोजणी होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ठरते. ताळेबंद कपाटात राहिला असता तर तो फक्त कागद होता. तो पेरणीचा निर्णय व्हायच्या आधी वाचला जातो, यात त्याचे बळ आहे. धंद्यातले किती अहवाल निर्णय होऊन गेल्यावर येतात, हे या खोलीतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला, कारखान्यातल्या अधिकाऱ्याला आणि बँकेतल्या माणसाला ठाऊक आहे.

महसूल खात्याची पैसेवारी हा लोकांच्या मापात बसवलेल्या आकड्याचा आणखी एक जुना नमुना. लोक अजून तिला आणेवारीच म्हणतात. पीक सोळा आणे की आठ आणे, हे आजोबाला कळत होते आणि नातवालाही कळते. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळाच्या सवलतींचा प्रश्न उभा राहतो, म्हणून नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि डिसेंबरमधली अंतिम पैसेवारी या तिन्हींकडे गावाचे डोळे लागलेले असतात. पण पैसेवारी गावाची असते, शेताची नसते. ओढ्याकाठच्या रानाला आणि माळावरच्या हलक्या जमिनीला एकच आकडा मिळतो. गोष्ट सोपी करताना काय झाकले जाते, ते इथे स्पष्ट दिसते, आणि माळावरचा शेतकरी दरवर्षी तेच सांगत असतो.

पीक विम्यात ही झाकलेली बाजू न्यायालयापर्यंत गेली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यातले सोयाबीन पाण्यात गेले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती. विमा कंपनीच्या नोंदीत ज्यांची सूचना नाही त्यांचे नुकसान नाही. दुसरीकडे शासनाच्या पंचनाम्यांत तेच शेत नुकसानग्रस्त म्हणून नोंदलेले. एकाच शेताबद्दल दोन कागद, दोन्ही अधिकृत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने आदेश दिला. सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांचा तो प्रश्न होता, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आकड्यांच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे हे की कंपनीची संगणकातली यादी नुकसान मोजत नव्हती. ती सूचना मोजत होती. पाण्यात उभ्या असलेल्या, वीज नसलेल्या, रेंज नसलेल्या गावातून ७२ तासांत किती सूचना येऊ शकतात, हा त्या यादीचा जोडीचा आकडा होता.

जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना ही सगळी चर्चा उद्याच्या सकाळी उपयोगी पडू शकते. ओलाव्याचे उदाहरण घ्यावे. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. केंद्रावर यंत्रात आकडा दिसतो, माल परत जातो आणि शेतकऱ्याला वाटते की आपल्याला मुद्दाम नाडले. आता हेच असे सांगता येते: १५ टक्के ओलाव्याचे शंभर किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळवले तर ९६ किलो ६०० ग्रॅम भरते. म्हणजे क्विंटलमागे जवळजवळ साडेतीन किलो पाणी. २०२४ च्या ४,८९२ च्या हमीभावाने त्या पाण्याचे १६६ रुपये होतात. ओला माल घेणारा व्यापारी भाव याहून जास्त पाडत असेल तर दोन दिवस खळ्यावर ऊन देण्यात फायदा आहे. कमी पाडत असेल तर ओलाच विकलेला बरा. यात शेतकऱ्याला उपदेश कुठेच नाही. त्याच्या हातात हिशेब दिला आहे आणि निर्णय त्याच्याकडेच ठेवला आहे.

किंवा भूमचा खवा. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा उतरतो. भट्टीवर बसणाऱ्या माणसाला हा उतारा हातानेच कळतो, पण तो लिहिला जात नाही. समजा एका भट्टीवर रोज शंभर लिटर दूध येते आणि खवा वीस किलो उतरतो. एका गवळ्याच्या तेवढ्याच दुधाला एकवीस उतरतो. खव्याचा भाव किलोला अडीचशे धरला तर रोजचा फरक अडीचशे रुपये, महिन्याचा साडेसात हजार. ‘दुधातील घनघटकांचे प्रमाण वाढवावे’ असे प्रशिक्षणात सांगितले की माणसे माना डोलावतात. ‘त्या गवळ्याचे दूध महिन्याला साडेसात हजारांनी वेगळे आहे, मग त्याला लिटरमागे अडीच रुपये जास्त दिले तरी तोटा नाही’ असे सांगितले की वाद सुरू होतो: जळण किती लागले, दूध कोणत्या महिन्यातले, एकवीस रोज उतरतो का एखाद्या दिवशी. हा वादच हवा आहे. तो झाला म्हणजे आकडा त्यांचा झाला. अट इतकीच की दूध, खवा आणि जळण हे तीन रकाने वहीत रोज भरले गेले पाहिजेत, तोट्याच्या दिवशीही.

ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांनी परदेशी पुस्तके जरूर वाचावीत. पण नारदीय कीर्तनाची बांधणीही एकदा या नजरेने ऐकावी. पूर्वरंगात सिद्धांत, त्याची फोड, प्रमाणे, उत्तररंगात आख्यान. आख्यान कितीही रंगले तरी बुवा पूर्वरंगातला अभंग सोडत नाहीत, आणि आख्यानात न बसणारे काही पूर्वरंगात ठेवत नाहीत. कंपनीच्या सादरीकरणात बहुधा उलटे होते: चाळीस तक्त्यांचा पूर्वरंग, शेवटच्या दोन मिनिटांत घाईघाईने आख्यान, आणि दोहोंचा संबंध ऐकणाऱ्याने लावायचा.

केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचे नाव २०१८ पासून आहे, महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत एक. ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाते आणि क्रमवारी लागते. त्या क्रमवारीत सुधारणेचा वेग मोजला जातो, ही गोष्ट चांगली, कारण जिल्ह्याची तुलना आधी त्याच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशी होते. पण क्रमांक हा बातमीचा विषय होतो, ४९ निर्देशांक होत नाहीत. क्रमांक तिसरा की तेरावा यापेक्षा आपल्या तालुक्यात कोणता निर्देशांक खाली गेला, हे कळले तर सरपंचाला काही करता येते.

बाजार समितीच्या फलकावर रोज तीन भाव लिहिले जातात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेजारी आवकेचाही रकाना असतो. मोबाइलवर पुढे जातो तो कमाल भाव, एकटा. जिल्ह्यातल्या उत्पादक कंपन्यांनी, बाजार समित्यांनी आणि दैनिकांनी एवढे जरी ठरवले की कमाल भाव एकटा छापायचा नाही, त्याबरोबर सर्वसाधारण भाव आणि त्या दिवसाची आवक आलीच पाहिजे, तर त्याला नवे यंत्र लागत नाही की निधी. रकाने आधीच भरलेले आहेत. त्यात आणखी एक ओळ घालता येईल: मागच्या वर्षी याच आठवड्यात किती पोती आली होती आणि सर्वसाधारण भाव काय होता. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जोर धरते. तो फलक सप्टेंबरच्या अखेरीपासून लागला पाहिजे, म्हणजे माल विकायचा की ठेवायचा हे ठरण्याआधी तो वाचून होईल.